कलम १९६: कोठडीतील मृत्यूच्या चौकशीवर शब्दशः भाष्य

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ मधील कलम १९६ आपल्याला वाचायचे आहे. कोठडीत माणूस मेला तर चौकशी कोणी करायची आणि कशी, हे सांगणारे हे कलम. १ जुलै २०२४ पासून ते लागू आहे. त्याआधी बहुतांश हाच मजकूर फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७६ मध्ये होता. त्यातले आपल्या कामाचे पोटकलम, १७६(१-अ), २००५ च्या दुरुस्तीने आले आणि २३ जून २००६ ला अमलात आले.

नाशिकच्या न्यायालयात वकिली सुरू केलीस की हे कलम तुला क्वचितच लागेल. पण ज्या दिवशी लागेल त्या दिवशी ते शांतपणे उघडून वाचायला सवड नसेल, कारण चोवीस तासांची मुदत मृत्यूच्या घटकेपासूनच धावू लागलेली असेल. म्हणून आताच शब्दन् शब्द पाहून ठेव. मजकुराचा आशय मी मराठीत देतो आहे. युक्तिवाद करताना हाती मूळ संहिताच धर.

पोटकलम (१) लग्नाला सात वर्षे व्हायच्या आत झालेली स्त्रीची आत्महत्या किंवा संशयास्पद मृत्यू, आणि इतर काही अकस्मात मृत्यू यांबद्दल आहे. तो विषय वेगळा. त्यातला एकच शब्दप्रयोग लक्षात ठेव: तिथली दंडाधिकाऱ्याची चौकशी पोलिसांच्या तपासाच्या ‘ऐवजी किंवा त्याशिवाय’ होऊ शकते. याचे काम पुढे पडेल.

आता पोटकलम (२).

‘जेव्हा कोणतीही व्यक्ती मरण पावते किंवा नाहीशी होते…’

‘कोणतीही’ म्हणजे आरोपी, संशयित, साक्षीसाठी बोलावलेला, शिक्षा भोगणारा, सगळे. तिच्यावर काय आरोप होता हे कलम विचारत नाही. याचा अर्थ आरोपाच्या गांभीर्याने चौकशीची गरज कमी होत नाही. बदलापूरच्या शाळेतील लहान मुलींवरील अत्याचाराचा आरोपी अक्षय शिंदे २३ सप्टेंबर २०२४ रोजी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला, तेव्हा अनेकांनी पेढे वाटले. त्या मुलींसाठी लोकांच्या मनात पेटलेला संताप खरा होता. तरीही कलम १९६ च्या दृष्टीने तो ‘कोणतीही व्यक्ती’ होता, आणि न्यायदंडाधिकाऱ्यांनी चौकशी केली. हा शब्द गाळून कलम वाचता येत नाही.

‘मरण पावते’ यासोबत ‘नाहीशी होते’ का घातले? कारण मृतदेहच सापडला नाही तर मृत्यू सिद्ध कसा करणार? परभणीचा अभियंता ख्वाजा युनूस डिसेंबर २००२ मध्ये घाटकोपर बॉम्बस्फोट प्रकरणात पकडला गेला. औरंगाबादला नेताना पारनेरजवळ गाडीला अपघात झाला आणि तो पळून गेला, असे पोलिसांनी जानेवारी २००३ मध्ये सांगितले. तो परत कधीच दिसला नाही. पुढे सीआयडीच्या तपासात हे पलायन बनावट ठरले आणि प्रकरण कोठडीतल्या मृत्यूचे म्हणून उभे राहिले. खटला मात्र चारच पोलिसांवर भरला गेला. सांगलीत नोव्हेंबर २०१७ मध्ये अनिकेत कोथळे या तरुणाबाबतही ‘आरोपी पळाला’ हेच आधी सांगण्यात आले होते. त्याचा मृतदेह आंबोली घाटात जाळल्याचे नंतर उघड झाले. म्हणजे ‘पळाला’ हा शब्द जेव्हा ठाण्यातून येतो तेव्हा या कलमाच्या भाषेत तो ‘नाहीसा झाला’ असाच वाचायचा, आणि चौकशी तिथपासूनच सुरू व्हायची. मृतदेह सापडेपर्यंत थांबायला कलम सांगत नाही.

‘…किंवा एखाद्या स्त्रीवर बलात्कार झाल्याचा आरोप असतो…’

या भागाचे भाष्य वेगळे व्हावे इतका तो मोठा आहे. इथे एवढेच की त्यात ‘आरोप’ हा शब्द आहे. म्हणजे आरोप पुरे, पुरावा नंतर. हा शब्द मनात ठेव; वरच्या ओळीत तो नाही, आणि त्या नसण्यावर पुढे एक मोठा वाद उभा आहे.

‘…अशी व्यक्ती किंवा स्त्री पोलिसांच्या ताब्यात, किंवा दंडाधिकाऱ्याने अथवा न्यायालयाने या संहितेखाली अधिकृत केलेल्या अन्य कोणत्याही कोठडीत असताना…’

इथे थांबायला हवे. ‘ताबा’ म्हणजे काय? अटक दाखवली तरच ताबा, असे ठाण्यात मानले जाते. चौकशीला बोलावले, बाकावर बसवून ठेवले, रात्रभर सोडले नाही, पण स्टेशन डायरीला अटकेची नोंद नाही, मग ताबा नाही, असे उत्तर येते. हे वाचन टिकणारे नाही. औपचारिक अटक नसली तरी माणूस ताब्यात असू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच निरंजन सिंग विरुद्ध प्रभाकर खरोटे या महाराष्ट्रातल्या खटल्यात सांगितले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचा तो निकाल, आणि खटल्यातले आरोपी स्वतः पोलीसच होते. माणसावर यंत्रणेचे प्रत्यक्ष नियंत्रण असले की तो ताब्यात. याचा अर्थ डायरीत काय लिहिले यावर ताबा ठरत नाही; तो माणूस उठून घरी जाऊ शकत होता का, यावर ठरतो.

‘अन्य कोणत्याही कोठडीत’ म्हणजे आपल्या न्यायालयांत ज्याला एमसीआर म्हणतात ती न्यायालयीन कोठडी, आणि शिक्षेचे कारागृहही. नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहातला मृत्यू या शब्दांत येतो. रुग्णालयातला कैदी वॉर्डही येतो, कारण खाट बदलली तरी कोठडी तीच राहते.

या शब्दांचा मृत्यूंच्या मोजणीशी थेट संबंध आहे. कोठडीतील मृत्यूची माहिती चोवीस तासांत आपल्याला कळवावी, असे राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने १४ डिसेंबर १९९३ च्या पत्राने सर्व राज्यांना सांगितले. संसदेत येणारे आकडे बहुधा त्या कळवलेल्या माहितीवर उभे असतात. १ एप्रिल २०१७ ते ३१ मार्च २०२२ या पाच वर्षांत देशात पोलीस कोठडीत ६६९ मृत्यू झाल्याची नोंद सरकारने संसदेत दिली. त्यांत गुजरातचे ८० आणि महाराष्ट्राचे ७६. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग राज्यांच्या पोलिसांनी दिलेल्या माहितीवरून वेगळी मोजणी करतो, आणि दोन्ही आकडे जुळत नाहीत. आता कलमाच्या शब्दांशी हे ताडून बघ. सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी डिसेंबर २०२४ मध्ये परभणीतल्या संविधान प्रतिकृतीच्या विटंबनेनंतरच्या हिंसाचारात पकडला गेला. आधी पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी, आणि १५ डिसेंबरला मृत्यू. आरोप पोलिसांच्या मारहाणीचा, पण मृत्यूच्या क्षणी माणूस एमसीआरमध्ये. म्हणजे ‘पोलीस कोठडी’ या रकान्यात हा मृत्यू बसत नाही. मार खाल्लेला माणूस सोडून दिल्यावर घरी मेला तर तो कोणत्याच रकान्यात बसत नाही. चकमकीतले मृत्यू तर वेगळ्याच यादीत. म्हणून ७६ हा आकडा वाचताना तो पोलिसांमुळे झालेल्या मृत्यूंचा आकडा समजू नकोस. तो एका रकान्यात बसलेल्या मृत्यूंचा आकडा आहे.

चकमकीबद्दल एक शंका राहते. ज्याला पकडलेच नव्हते, जो गोळीबारात रस्त्यावर मेला, तो ‘ताब्यात’ कसा? कलमाच्या शब्दांत तो बसवणे कठीण, हे मान्य करायला हवे. ही उणीव सर्वोच्च न्यायालयाने पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात भरून काढली. मुंबईतल्या चकमकींवरून निघालेला तो खटला. २३ सप्टेंबर २०१४ चा निकाल, १६ निर्देशांचा. पोलिसांच्या गोळीबारातल्या प्रत्येक मृत्यूची दंडाधिकारी चौकशी व्हावी आणि तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करावा, हे त्यात आहे. बरोबर दहा वर्षांनी त्याच तारखेला अक्षय शिंदेचा मृत्यू झाला. तो मात्र तळोजा कारागृहातून काढून नेला जात होता, म्हणजे शब्दशः ताब्यात होता. त्याच्यासाठी निकालाची मदत घ्यायचीही गरज नव्हती.

‘…पोलिसांनी केलेल्या चौकशी किंवा तपासाशिवाय आणखी…’

‘आणखी’ म्हणजे भर. पोटकलम (१) मध्ये ‘ऐवजी किंवा त्याशिवाय’ होते. इथे ‘ऐवजी’ गाळले आहे. याचा अर्थ दोन्ही गोष्टी व्हायलाच हव्यात: पोलिसांचा तपास आणि दंडाधिकाऱ्याची चौकशी. एकीचे निमित्त करून दुसरी थांबवता येत नाही. प्रत्यक्षात उलटे घडते. आकस्मिक मृत्यूची नोंद, म्हणजे ठाण्यातली ‘ए.डी.’, केली आहे, दंडाधिकारी चौकशी चालू आहे, मग एफआयआर कशाला, असा युक्तिवाद सरकारी बाजूने होतो. बदलापूर प्रकरणात हाच प्रश्न मुंबई उच्च न्यायालयासमोर आला. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर टाळता येत नाही, या भूमिकेवरून न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये विशेष तपास पथकाचा आदेश दिला. माझ्या मते कलमातला ‘आणखी’ हा एक शब्दच या वादाचा निकाल लावायला पुरेसा आहे.

एक बारकावा. संहितेच्या कलम २ मधल्या व्याख्येप्रमाणे ‘चौकशी’ दंडाधिकारी किंवा न्यायालय करते. पोलीस करतात तो ‘तपास’. मग ‘पोलिसांनी केलेली चौकशी’ हे शब्द इथे कसे? ते कलम १९४ खालच्या मरणोत्तर पंचनाम्याला धरून आहेत असे मानावे. म्हणजे पोलिसांनी मृतदेहाचा इन्क्वेस्ट पंचनामा केला म्हणून दंडाधिकाऱ्याची चौकशी झाली असे होत नाही.

‘…ज्या दंडाधिकाऱ्याच्या स्थानिक अधिकारक्षेत्रात गुन्हा घडला असेल त्याने चौकशी केली पाहिजे.’

या ओळीत तीन गाठी आहेत. तिन्ही सोडवू.

पहिली, ‘दंडाधिकारी’. जुन्या कलमात ‘न्यायदंडाधिकारी किंवा महानगर दंडाधिकारी’ असे स्पष्ट होते. नव्या संहितेने महानगर दंडाधिकाऱ्यांचे पदच काढले आणि इथे नुसते ‘दंडाधिकारी’ राहिले. म्हणजे आता प्रांत किंवा तहसीलदार, कार्यकारी दंडाधिकारी म्हणून, ही चौकशी करू शकतात का? नाही. संहितेचे कलम ३ वाच: विशेषण नसलेला ‘दंडाधिकारी’ हा शब्द, संदर्भ वेगळे सांगत नसेल तर, न्यायदंडाधिकारी असाच घ्यायचा. शिवाय याच कलमाच्या पोटकलम (६) मध्ये ‘दंडाधिकारी किंवा कार्यकारी दंडाधिकारी किंवा पोलीस अधिकारी’ अशी तीन नावे वेगवेगळी घेतली आहेत. पहिल्यात दुसरा सामावलेला असता तर त्याचे नाव वेगळे घ्यायचे कारण नव्हते.

यावर कोणी म्हणेल, पोटकलम (६) तर ‘पोटकलम (२) खाली चौकशी करणारा कार्यकारी दंडाधिकारी’ असे बोलते. म्हणजे त्यालाही अधिकार आहे. ही अडचण खोटी नाही, मजकूर इथे सैल आहे. पण पोटकलम (२) मध्येच ‘पोलिसांची चौकशी किंवा तपास’ असा उल्लेख आहे, आणि पंचनाम्याच्या टप्प्यावर कार्यकारी दंडाधिकारीही हजर असू शकतो. मृतदेह वेळेत पाठवण्याचे ओझे जो हजर आहे त्या प्रत्येकावर टाकणे, एवढाच तिथला हेतू. त्यातून चौकशीचा अधिकार काढणे म्हणजे शेपटीवरून जनावर ओळखण्यासारखे आहे.

हा आग्रह कशासाठी, तेही समजून घे. कार्यकारी दंडाधिकारी बंदोबस्तात पोलिसांच्या खांद्याला खांदा लावून काम करतो. शिवाय नव्या संहितेच्या कलम १५ प्रमाणे अधीक्षक किंवा समकक्ष दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यालाच राज्य सरकार विशेष कार्यकारी दंडाधिकारी नेमू शकते. नाशिकसारख्या आयुक्तालयाच्या शहरात ही गोष्ट पुस्तकातली राहत नाही. ‘दंडाधिकारी’ हा शब्द ढिला सोडला तर पोलिसाने पोलिसाची चौकशी करायची वाट उघडते, आणि २००५ ची दुरुस्ती झाली ती नेमकी अशी वाट बंद करण्यासाठी.

दुसरी गाठ, ‘गुन्हा घडला असेल’. यावर मोठा मतभेद आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१० मध्ये असे वाचन केले की घातपाताचा वाजवी संशय किंवा गुन्ह्याचा सबळ आरोप असेल तरच न्यायदंडाधिकाऱ्याची चौकशी अनिवार्य. आजाराने किंवा नैसर्गिक कारणाने झालेल्या मृत्यूची चौकशी कार्यकारी दंडाधिकाऱ्याने केली तरी चालेल. आयोगाचा अधिकार मोठा, आणि या वाचनामागे व्यवहाराचे कारणही आहे: कारागृहात वृद्ध, आजारी कैदी मरतात, प्रत्येक वेळी न्यायाधीश कुठून आणायचे?

तरीही हे वाचन मला पटत नाही, आणि त्याचे कारण मजकुरातच आहे. बलात्काराच्या वाक्यात ‘आरोप’ हा शब्द घातला. मृत्यूच्या वाक्यात घातला नाही. म्हणजे अट कशी लिहायची हे कायदेमंडळाला माहीत होते, आणि मृत्यूसाठी त्यांनी ती लिहिली नाही. ‘मरण पावते’ एवढेच. मग ‘गुन्हा घडला असेल’ हे शब्द काय करतात? चौकशी कोणत्या दंडाधिकाऱ्याने करायची ते सांगतात. करायची की नाही ते सांगत नाहीत. समज, तालुक्याच्या गावी ठाण्यात एकाला मारहाण झाली, त्याला नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात आणले आणि तिथे तो मेला. ‘जिथे मृत्यू झाला’ असे लिहिले असते तर चौकशी नाशिकला झाली असती. साक्षीदार, डायरी, लॉकअप सगळे तालुक्याला. ‘गुन्हा घडला’ लिहिल्याने चौकशी मारहाणीच्या जागी जाते. या शब्दांना हे काम दिले की ते पुरते सार्थ होतात. त्यांच्यावर आणखी अट लादायची गरज उरत नाही. आणि दुसरी गोष्ट: मृत्यू नैसर्गिक होता की नाही, हेच चौकशीने ठरायचे आहे. ते आधीच ठरवून मग चौकशी कोणाची ते निवडायचे, तर ते आधी ठरवणार कोण? ज्याच्या ताब्यात माणूस मेला तोच.

तिसरी गाठ लहान. ‘केली पाहिजे’. म्हणजे मर्जी नाही. नातेवाइकांनी अर्ज केला नाही तरी करायची.

पोटकलम (३): ‘दंडाधिकाऱ्याने त्यासंबंधी घेतलेला पुरावा… नोंदवून ठेवला पाहिजे.’

म्हणजे नुसता अहवाल लिहून भागत नाही. साक्षी घ्यायच्या आणि लिहायच्या. कोणता पुरावा आधी मागायचा, हे कलम सांगत नाही, मी सांगतो. सीसीटीव्ही. परमवीर सिंग सैनी विरुद्ध बलजित सिंग या २ डिसेंबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात, लॉकअपसह, कॅमेरे लावून चित्रण १८ महिने, आणि ते शक्यच नसेल तर किमान एक वर्ष राखायला सांगितले. पण चित्रणावर चित्रण चढते. स्टेशन डायरी आणि लॉकअप रजिस्टर कागदावर आहेत, ती महिन्याने मागितली तरी मिळतील. डायरीतली पहिली नोंद बहुधा ठाणे अंमलदार किंवा फौजदार करतो. आपल्या त्र्यंबक रस्त्यावरच्या पोलीस अकादमीत राज्याचे फौजदार घडतात. या कलमाचा पहिला वाचक खरे तर तिथला प्रशिक्षणार्थी असायला हवा.

पोटकलम (४): ‘पुरलेला मृतदेह… उकरून काढून तपासता येईल.’

लक्ष दे: ‘पुरलेला’. कलमाला दहन माहीत नाही. जिथे प्रेत जाळतात तिथे हे पोटकलम निरुपयोगी आहे, कारण राखेतून वळ दिसत नाहीत. अक्षय शिंदेच्या कुटुंबाने हे ओळखले होते. पुढे पुन्हा तपासणी लागली तर मृतदेह असावा म्हणून त्यांनी दहनाऐवजी दफनाची मागणी केली. जागा मिळेना, बदलापूर, अंबरनाथ, कळवा, सगळीकडे विरोध झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि शेवटी उल्हासनगरला दफन झाले. एका पोटकलमातल्या एका शब्दासाठी एका घराने आपल्या रीतीबाहेर जाऊन अंत्यसंस्कार केले. अशील घाईत असेल, गावकरी उरकून घ्या म्हणत असतील, तेव्हा हे त्याला सांगण्याचे काम तुझे आहे. निर्णय कुटुंबाचा.

पोटकलम (५): ‘शक्य असेल तिथे, ज्यांची नावे-पत्ते माहीत आहेत अशा नातेवाइकांना कळवले पाहिजे, आणि चौकशीच्या वेळी हजर राहू दिले पाहिजे.’

‘शक्य असेल तिथे’ हे शब्द फक्त ‘कळवणे’ याला लागतात, ‘हजर राहू देणे’ याला नाहीत. आलेल्या नातेवाइकाला बाहेर बसवता येत नाही. ‘हजर राहणे’ म्हणजे प्रश्न विचारणे का? मजकूर तसे म्हणत नाही, आणि ओढून ताणून तसा अर्थ काढू नये. पण हजर राहायचे तर तारीख कळायला हवी. याचा अर्थ एकदा नोटीस देऊन भागत नाही. साक्षीच्या प्रत्येक तारखेची सूचना द्यायला हवी. ‘नातेवाईक’ म्हणजे कोण, ते कलमाच्या अखेरच्या स्पष्टीकरणात आहे: आईवडील, मुले, भाऊ, बहिणी, पती किंवा पत्नी. ही यादी अरुंद आहे. ज्या आजीने वाढवले ती त्यात नाही. पण यादीबाहेरच्याला येऊ देऊ नका, असेही कलम म्हणत नाही.

पोटकलम (६): ‘मृत्यूपासून चोवीस तासांच्या आत मृतदेह जवळच्या जिल्हा शल्यचिकित्सकाकडे किंवा राज्य सरकारने नेमलेल्या पात्र वैद्यकीय व्यक्तीकडे तपासणीसाठी पाठवला पाहिजे, शक्य नसेल तर कारणे लेखी नोंदवली पाहिजेत.’

‘मृत्यूपासून’. बातमी कळल्यापासून नाही. ‘जवळच्या’ हा शब्द वेळ वाचवण्यासाठी आहे, डॉक्टर निवडण्यासाठी नाही. पात्रता त्याहून वरचढ. सोमनाथ सूर्यवंशीचे शवविच्छेदन परभणीत न करता छत्रपती संभाजीनगरला इन-कॅमेरा झाले, आणि अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे मृत्यूचे कारण त्यात नोंदले गेले. त्याच महिन्यात नागपूरच्या अधिवेशनात सरकारने मारहाणीचा आरोप नाकारला होता. दोन म्हणण्यांपैकी एक कागदावर होते आणि त्यावर डॉक्टरांची सही होती.

या पोटकलमाची किंमत नाशिकला वेगळ्या रीतीने कळली आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये नाशिकरोड कारागृहात शिक्षा भोगणाऱ्या एका कैद्याचा मृतदेह गळफास घेतलेल्या अवस्थेत सापडला. शवविच्छेदनात त्याच्या पोटातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली चिठ्ठी निघाली. कारागृहातल्या कर्मचाऱ्यांनी छळल्याचा आरोप तीत लिहिलेला होता. तो आरोप खरा की खोटा हा पुढचा प्रश्न. पण नुसता बाहेरून पंचनामा झाला असता तर गळ्यावरचा वळ लिहिला गेला असता आणि चिठ्ठी देहासोबत संपली असती. बोलायला दुसरी जागा उरली नाही म्हणून माणसाने आपले म्हणणे गिळून ठेवले, आणि ते वाचले गेले कारण कायद्याने देह उघडायला लावला.

इथे कलम संपते. आणि खरी अडचण इथे सुरू होते. चौकशी झाली, साक्षी नोंदल्या, अहवाल लिहिला. पुढे? अहवाल कोणाकडे जावा, किती दिवसांत, त्यात पोलीस दोषी दिसले तर दंडाधिकाऱ्याने काय करावे, याबद्दल कलम १९६ मध्ये एक अक्षर नाही. शेजारच्याच कायद्याशी तुलना कर. पोलीस सुधारणांवरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या प्रकाश सिंह निकालानंतर महाराष्ट्र पोलीस अधिनियमात २०१४ च्या दुरुस्तीने राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आले; तिथे अहवाल राज्य सरकारकडे जातो आणि पुढची कार्यवाहीही लिहिलेली आहे. इथे मौन.

परभणी प्रकरणात हे मौन न्यायालयासमोर मांडले गेले. दंडाधिकाऱ्यांच्या अहवालाने पोलिसांवर ठपका ठेवला होता, तरी गुन्हा नोंदला गेला नव्हता. सोमनाथची आई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेली. तिच्या बाजूने प्रकाश आंबेडकरांनी या उणिवेवरच बोट ठेवले. ४ जुलै २०२५ रोजी खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला; ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने राज्याची याचिका फेटाळली.

या मौनाचे दोन अर्थ लावता येतात. एक: अहवाल फक्त माहितीसाठी आहे, त्यावर कोणी काही केलेच पाहिजे असे नाही. दुसरा: पुढचे काम संहितेच्या इतर कलमांनी आधीच सांगितले आहे म्हणून इथे पुन्हा लिहिले नाही. दुसरा अर्थ धरावा. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की नोंद अनिवार्य, हे कलम १७३ आणि ललिता कुमारी निकाल (२०१३) सांगतात. न्यायदंडाधिकाऱ्याने शपथेवर घेतलेल्या साक्षींपेक्षा भक्कम माहिती कोणती असणार? पहिला अर्थ घेतला तर पोटकलम (२) मधली सक्ती पोकळ ठरते, आणि सक्तीचे शब्द पोकळ ठरवणारे वाचन टाळायचे, हा अर्थनिर्णयाचा जुना नियम आहे. पण हे वाचन मान्य करून घ्यायला परभणीच्या त्या आईला मुलाच्या मृत्यूनंतर सात महिने झगडावे लागले, हेही विसरू नकोस. कायदेमंडळाने दोन ओळी घातल्या असत्या तर तिला हे करावे लागले नसते. त्या घालाव्यात, असे माझे ठाम मत आहे.

तोवर अहवालाची प्रत हातात असणे हाच पहिला प्रश्न. कलम १९६ प्रत द्यायला सांगत नाही. कलम ४०४ मध्ये मात्र, फौजदारी न्यायालयाच्या निकालाचा किंवा आदेशाचा ज्याच्यावर परिणाम होतो त्याला, अर्ज केल्यावर, निकाल, आदेश, साक्षीची नोंद किंवा अभिलेखाचा अन्य भाग यांची प्रत मिळते. आक्षेप येईल की चौकशी अहवाल हा निकालही नाही आणि आदेशही नाही. आक्षेपात थोडे तथ्य आहे. म्हणून अर्जात दोन मागण्या वेगळ्या कर: अहवालाची प्रत, आणि पोटकलम (३) खाली नोंदवलेल्या प्रत्येक साक्षीची प्रत. पहिली अडली तरी दुसरी नाकारायला त्यांना वेगळे कारण द्यावे लागेल, आणि ते कारण लेखी माग.